केकची सजावट शिकताना: आधी क्रीम, मग नोझल

केक सजवायला शिकायचं ठरलं की बरेच जण आधी नोझलचा (क्रीमला आकार देणाऱ्या निमुळत्या तोंडांचा) मोठा संच विकत घेतात आणि पहिल्याच केकवर गुलाब काढायला बसतात. गुलाबाच्या पाकळ्या मिटून जातात, कडा फाटतात, बाजूने क्रीम घसरतं, आणि मग "आपला हात काही चित्रकाराचा नाही" असं म्हणून तो संच कपाटात जातो. खरं तर अशा वेळी हाताचा दोष क्वचितच असतो. क्रीम सैल किंवा जास्त घट्ट असतं, नाहीतर केक पुरता गार झालेला नसतो. चित्रकला येत नसलेल्या माणसालाही सुबक केक सजवता येतो, फक्त शिकण्याचा क्रम बरोबर हवा. आधी क्रीमचा घट्टपणा ओळखायला शिका, मग केकवर सपाट थर द्यायला, आणि नोझल त्यानंतर हातात घ्या. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

सुरुवातीला काय घ्यावं

फिरतं टर्नटेबल ही एकच वस्तू अशी आहे जिच्यावर मी पैसे वाचवायला सांगणार नाही. ते डगमगत असेल किंवा अडखळत फिरत असेल तर बाजू कधीच गुळगुळीत होत नाही. बाकी गोष्टी साध्या चालतात: मानेत वाकलेला एक पॅलेट नाइफ, सरळ धारेचा एक स्क्रॅपर, दात्यांची लांब सुरी, रबरी स्पॅच्युला, पायपिंग बॅगा (क्रीम भरून नोझलमधून दाबायच्या पिशव्या), केकचा बोर्ड आणि बटर पेपर. स्क्रॅपर धातूचा असेल तर उत्तम, कारण तो वाकत नाही. त्याची उंची केकपेक्षा जास्त हवी.

नोझल तीनच घ्या. एक मोठं उघड्या ताऱ्याचं (१ एम या क्रमांकाने मिळतं), एक बारीक गोल तोंडाचं (२ किंवा ३ क्रमांक), आणि एक पानाचं (३५२). क्रमांक कंपनीप्रमाणे बदलू शकतात, म्हणून घेताना तोंडाचा आकार पाहा. ताऱ्याच्या एका नोझलमधून रोझेट (गुलाबासारखे गोल वेढे), शिंपल्यांची किनार, दोरी, साधे तारे आणि वर चढत जाणारे भोवरे असं सगळं निघतं. पाकळीचं १०४ नंबरचं नोझल नंतर घेता येईल.

कोणतं क्रीम निवडावं

क्रीम एकच निवडा आणि ते अंगवळणी पडेपर्यंत बदलू नका. नवशिक्यापुढे साधारण तीन पर्याय असतात.

दुधाच्या व्हिपिंग क्रीमची चव सगळ्यात छान, पण स्वभाव नाजूक. त्यात किमान ३५ टक्के स्निग्धांश हवा, त्याहून कमी असेल तर ते नीट फेटलं जात नाही. ते पटकन फाटतं आणि गरम खोलीत टिकत नाही. नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम वनस्पतीजन्य तेलापासून बनतं, बहुधा आधीच गोड असतं, फेटल्यावर भरपूर फुगतं आणि आकार बराच वेळ धरून ठेवतं. शिकायला हे सोयीचं. बटरक्रीम सगळ्यात दणकट: चुकलं तर खरवडून पुन्हा लावता येतं, फ्रीजमध्ये दगडासारखं घट्ट होतं आणि धारदार कडा देतं. साध्या बटरक्रीमचं प्रमाण वजनाने एक भाग लोणी आणि दोन भाग आयसिंग शुगर. ते बरंच गोड लागतं, म्हणून चिमूटभर मीठ घालतात. लोणी बोटाने दाबल्यावर खळगा पडेल इतकं मऊ असावं, वितळलेलं नको. १८ ते २० अंश सेल्सिअस हे त्याचं योग्य तापमान.

आता नॉन-डेअरी क्रीम फेटण्याबद्दल जरा सविस्तर, कारण गाडी इथेच जास्त वेळा अडते. गोठलेलं क्रीम आदल्या दिवशी फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर ठेवून घाईने वितळवलं तर ते बाहेरून कोमट आणि आतून बर्फ असं राहतं. भांडं आणि बीटरची पाती पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. सुरुवात मंद गतीने करा आणि क्रीम फेसाळ झालं की गती मध्यम करा. एकदम वेगात फेटलं तर मोठे बुडबुडे धरतात आणि तेच पुढे केकच्या बाजूवर भोकं होऊन दिसतात.

थोड्या वेळाने पात्यांच्या खुणा क्रीममध्ये टिकू लागतील. इथून पुढे दर वीस-तीस सेकंदांनी थांबा, पातं उचला आणि टोक पाहा. टोक लगेच वाकून क्रीममध्ये मिसळलं तर ते सैल आहे. टोक उभं राहून फक्त शेंडा किंचित झुकला, तर ते बाजूंना लावायला योग्य. टोक ताठ उभं राहिलं आणि पृष्ठभाग अजून चकचकीत असला, तर ते नोझलसाठी योग्य. चमक गेली, क्रीम रवाळ दिसू लागलं, स्पंजासारखी भोकं पडली, की ते जास्त फेटलं गेलं. त्यात न फेटलेलं गार क्रीम दोन-तीन चमचे घालून स्पॅच्युलाने हलक्या हाताने घोळवा, बीटर लावू नका. बहुतेक वेळा ते पुन्हा ताळ्यावर येतं. मी बाजूला लावण्याइतकं झालं की अर्धं क्रीम काढून फ्रीजमध्ये ठेवते आणि उरलेलं नोझलसाठी अजून थोडं फेटते. एकाच घट्टपणाच्या क्रीमने सगळं उरकायला गेलात तर बाजू खडबडीत होते किंवा फुलं ढेपाळतात.

सहा-सात इंचांच्या, तीन थरांच्या केकला नॉन-डेअरी क्रीम न फेटता साधारण ३०० ग्रॅम लागतं. नोझलचं काम भरपूर असेल तर थोडं जास्त धरा.

केक सजावटीसाठी तयार करणं

केक पूर्ण गार हवा. हाताला गार लागणं पुरेसं नाही, आतला भाग कोमट राहतो आणि क्रीम आतून सैल होतं. भाजून गार झालेला केक क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून काही तास, जमल्यास रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. गार केक कापताना चुरा कमी पडतो.

वरचा फुगवटा दात्यांच्या सुरीने काढायचा. केक टर्नटेबलवर ठेवा, सुरी आडवी धरा आणि आधी फक्त कडेने सेंटीमीटरभर खोल खूण करत पूर्ण फेरी घ्या. मग तीच खूण धरून केक फिरवत फिरवत आत जा. सुरीचा हात स्थिर ठेवून केक फिरवला की काप वाकडा जात नाही. थरही असेच कापायचे.

बोर्डवर क्रीमचा छोटा ठिपका लावून पहिला थर चिकटवा, नाहीतर पुढे सगळा केक सरकत राहील. थरावर साखरेचा पाक ब्रशने लावा: साखर आणि पाणी सारख्या मापाने घेऊन साखर विरघळेपर्यंत गरम केलेला आणि पूर्ण गार केलेला. सहा इंचांच्या थराला तीन-चार चमचे पुरतात. कडेला थोडा कमी लावा, कारण कडा ओली झाली की केक खचतो. आत जॅम, फळं किंवा पातळ सारण घालणार असाल तर आधी कडेने घट्ट क्रीमचा बांध घाला आणि सारण त्याच्या आत भरा. बांध नसला तर तासाभराने केकच्या कमरेला फुगवटा येतो आणि तो कोणत्याही स्क्रॅपरने लपत नाही. सगळ्यात वरचा थर उलटा ठेवा. टिनच्या तळाला टेकलेला त्याचा सपाट भाग वर आला की काटकोनी कडा मिळते.

चुरा धरणारा पातळ थर, मग शेवटचा थर

पहिल्या थराला क्रंब कोट (क्रंब म्हणजे चुरा) म्हणतात. तो इतका पातळ असतो की मधूनमधून केक दिसतो, आणि दिसू द्यावा. त्याचं काम फक्त चुरा बांधून ठेवणं. यासाठीचं क्रीम वेगळ्या वाटीत घ्या. चुरा लागलेला पॅलेट नाइफ मुख्य भांड्यात परत गेला की सगळं क्रीम ठिपकेदार होतं. हा थर देऊन केक वीस ते तीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

शेवटचा थर वरून सुरू करा. मोठा गोळा मध्यावर ठेवा, पॅलेट नाइफने कडेपर्यंत पसरवा आणि थोडं क्रीम कडेबाहेर लटकू द्या. मग बाजूंना हवं त्यापेक्षा जास्त क्रीम लावा. नवशिके इथे हात आखडता घेतात, स्क्रॅपर थेट केकवर घासतो आणि चुरा वर येतो. जास्तीचं क्रीम नंतर निघतंच.

आता स्क्रॅपर. खालची कडा टर्नटेबलवर किंवा बोर्डवर टेकवा म्हणजे तो आपोआप उभा राहतो. केकच्या बाजूशी साधारण ४५ अंशांचा कोन धरा आणि मनगट शरीराजवळ स्थिर ठेवा. दुसऱ्या हाताने टर्नटेबल एका दमात, जमेल तितकं लांब फिरवा. हलवायचं टेबल, स्क्रॅपर नाही. एक फेरी झाली की स्क्रॅपरवरचं क्रीम वाटीत पुसा, खळगे दिसतील तिथे क्रीम भरा, पुन्हा फेरी. फेरी संपवताना स्क्रॅपर झटक्याने उचलू नका, टेबल फिरत असतानाच दाब कमी करत अलगद बाजूला घ्या, म्हणजे जोडाची उभी रेघ उमटत नाही. व्हिपिंग क्रीमवर चार-पाच फेऱ्यांत थांबा. जास्त घासत राहिलात तर ते डोळ्यांदेखत रवाळ होतं. बटरक्रीमवर हवं तितकं काम करता येतं, आणि शेवटी स्क्रॅपर गरम पाण्यात बुडवून, कोरडा पुसून एक फेरी घेतली की काचेसारखी बाजू मिळते.

बाजू झाली की वरच्या कडेला क्रीमचा उभा काठ तयार झालेला असेल. पॅलेट नाइफ आडवा धरून तो काठ बाहेरून मध्याकडे ओढा, पाते पुसा, टेबल थोडं फिरवा, पुन्हा ओढा. दरवेळी पाते पुसणं चुकवू नका.

याचा सराव करायला केक भाजायची गरज नाही. केकचा टिन उलटा करून बोर्डवर ठेवा, त्याला क्रीम लावा, गुळगुळीत करा, खरवडून काढा, पुन्हा लावा. सरावापुरतं शॉर्टनिंग (वनस्पती तुपासारखी घट्ट चरबी) आणि आयसिंग शुगर एकत्र फेटून ठेवलं तर ते मऊ पडत नाही आणि पुन्हा पुन्हा वापरता येतं.

रंग

जेल रंग घ्या, पातळ द्रवरूप रंगांनी क्रीम सैल होतं. टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच रंग घ्या आणि दरवेळी नवी टूथपिक वापरा. बटरक्रीममधला रंग काही तासांत गडद होतो, म्हणून हव्या त्या छटेच्या एक पायरी अलीकडे थांबा. लोण्याच्या पिवळसरपणामुळे पांढरं बटरक्रीम हस्तिदंती दिसतं. त्यात जांभळ्या जेलचा अगदी सूक्ष्म अंश घातला की पिवळेपणा मारला जातो. निळ्या क्रीमला हिरवी झाक येते तीही याच पिवळेपणामुळे.

गडद लाल आणि काळा रंग पांढऱ्या क्रीममधून काढायला जाऊ नका. इतका रंग घालावा लागतो की क्रीम कडू लागतं आणि खाणाऱ्याचे दात रंगतात. काळ्यासाठी कोकोचं गडद बटरक्रीम आधी करा आणि त्यात काळा घाला, फार थोड्यात काम होतं. वितळलेल्या नुसत्या चॉकलेटमध्ये मात्र पाण्यावर आधारलेला रंग घालू नका, चॉकलेट गोळा होऊन बसतं. त्यासाठी तेलात विरघळणारे रंग वेगळे मिळतात.

नोझल हातात घेताना

बॅगेचं टोक कापताना थोडं कमीच कापा. नोझलचा साधारण तिसरा भाग बाहेर आला की पुरे, जास्त कापलं तर दाबताना नोझलच बाहेर येतं. बॅग एका उंच पेल्यात उभी करून कडा बाहेर दुमडा आणि निम्म्याच्या वर भरू नका. तळहाताच्या उबेने क्रीम मऊ पडतं, त्यामुळे थोडं भरून पुन्हा भरणं चांगलं. वरचा भाग पिळून घट्ट करा आणि तो पीळ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरा. दाब द्यायचा तो याच हाताने, वरून. दुसऱ्या हाताची दोन बोटं नोझलजवळ नुसती दिशा देण्यासाठी.

पहिला धडा साध्या ताऱ्याचा. बटर पेपर टेबलावर चिकटवा. नोझल कागदाच्या अर्धा सेंटीमीटर वर, अगदी सरळ उभं धरा. दाबा, क्रीम बाजूला फुलू द्या, दाब थांबवा, आणि मगच वर उचला. दाबत दाबत उचललं तर शेंडी निघते आणि तारा वाकडा दिसतो. हे थांबणं हाताला कळलं की निम्मं पायपिंग आलं. एका ओळीत सारख्या मापाचे तारे काढत जा. लहान-मोठे होत असतील तर मनात "एक-दोन" मोजून दाबा.

मग रोझेट. मध्यावर ताऱ्याने सुरुवात करा आणि न थांबता त्याच्याभोवती एक पूर्ण वेढा घ्या. वेढा संपत आला की दाब कमी करत शेपूट वेढ्यालाच चिकटवून सोडा. अनेक रोझेट शेजारी असतील तर सगळ्यांची शेपटं एकाच दिशेला ठेवा, नाहीतर डोळ्याला खटकतं.

केकच्या पायाशी येणारी शिंपल्यांची किनार ४५ अंशांच्या कोनात निघते. दाबा, क्रीम किंचित वर फुगू द्या, मग दाब सोडत आपल्याकडे ओढून निमुळती शेपटी करा. पुढचा शिंपला आधीच्या शेपटीवर चढवायचा. ही किनार बोर्ड आणि केक यांच्यातली फट झाकते, म्हणून पहिल्या केकवर ती असावीच. पानाच्या नोझलचंही तंत्र हेच: टोकदार चिरा वर-खाली राहतील असं धरा, दाबा, ओढा, सोडा.

तारे आणि रोझेट सारखे येऊ लागले की गुलाब शिका. फ्लॉवर नेलवर (फूल काढण्यासाठीच्या सपाट डोक्याच्या खिळ्यावर) बटर पेपरचा चौकोन चिकटवा, मध्ये घट्ट क्रीमचा शंकू काढा. १०४ नंबरच्या नोझलचं रुंद टोक खाली, अरुंद टोक वर. आधी शंकूभोवती कळी गुंडाळा, मग तीन, पाच आणि सात पाकळ्यांचे वेढे द्या, प्रत्येक वेढ्यात नोझलचं वरचं टोक थोडं अधिक बाहेर झुकवा. कागदासकट गुलाब फ्रीजमध्ये घट्ट करा आणि मग केकवर ठेवा. पाकळ्यांच्या कडा फाटत असतील तर क्रीम जास्त घट्ट आहे, लवत असतील तर सैल किंवा कोमट.

केकवर नाव लिहिताना

अक्षरांना शिरोरेषा असल्यामुळे आपल्या लिपीत लिहिताना एक सोय होते: आधी सरळ रेघ, मग तिच्याखाली अक्षरं. कागदावर केकच्या मापाचं वर्तुळ काढून नाव किती जागा घेतं ते पाहा. गार केकवर टूथपिकने हलक्या खुणा करा. २ नंबरच्या गोल नोझलमध्ये थोडं मऊ क्रीम भरा आणि नोझल पृष्ठभागाला घासू नका. ते जरा वर धरून क्रीमची दोरी अलगद खाली पडू द्या. त्याने वळणं गोल येतात. जोडाक्षर अवघड असेल तर बटर पेपरखाली लिहिलेला कागद ठेवून वितळलेल्या चॉकलेटने नाव गिरवा, गोठवा आणि उचलून केकवर ठेवा.

मांडणी

सजावट सुरू करण्याआधी वर्तुळ काढून ठरवा: काय, कुठे, किती. दोन किंवा तीन रंग, एकच मुख्य आकर्षण, आणि रिकामी जागा. वरच्या एका बाजूला चंद्रकोरीसारखा फुलांचा झुबका आणि उरलेला केक कोरा, ही मांडणी नवशिक्याला हमखास साधते. फुलं विषम संख्येत ठेवा आणि मोठी आधी, छोटी नंतर, पानं सगळ्यात शेवटी फटींमध्ये.

गनाशचे ओघळ आणि फाँडंट

गनाश म्हणजे चॉकलेट आणि गरम क्रीमचं मिश्रण. ओघळांसाठी डार्क चॉकलेट आणि क्रीम वजनाने सारखं घ्या. पांढऱ्या चॉकलेटला तीन भागांना एक भाग क्रीम पुरतं. गनाश ३० ते ३२ अंशांपर्यंत निवू द्या आणि केक फ्रीजमधून नुकताच काढलेला असू द्या. आधी एका गार पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर ओघळ सोडून बघा: तळापर्यंत धावला तर अजून थांबा, वरच अडकला तर किंचित गरम करा. कडेचे ओघळ आधी, मधला भाग नंतर.

फाँडंट, म्हणजे लाटून केकवर चढवायचा साखरेचा मऊ गोळा, पहिल्या काही केकपर्यंत लांबच ठेवा असं माझं मत. घ्यायचाच असेल तर तो बटरक्रीम किंवा गनाशवर चढवा, व्हिपिंग क्रीमच्या ओलाव्याने तो विरघळतो. लाटलेल्या फाँडंटचा व्यास म्हणजे केकचा व्यास अधिक उंचीची दुप्पट: ६ इंच रुंद आणि ४ इंच उंच केकला १४ इंच, वर कापण्यापुरता एखादा इंच. जाडी ३ ते ४ मिलिमीटर.

ताजी फुलं, चमकी

इथे हयगय नको. कण्हेर, लिली ऑफ द व्हॅली, हायड्रेंजिया ही फुलं विषारी आहेत, ती केकवर ठेवूच नयेत. गुलाबासारखं निर्धोक फूलही फवारणी न झालेलं हवं आणि देठ थेट केकमध्ये खुपसायचा नाही; टेप गुंडाळून, छोट्या नळीत घालून लावा. चमकीच्या डबीवर "नॉन-टॉक्सिक" लिहिलेलं असणं म्हणजे ती खाण्याजोगी असणं नव्हे. त्यावर "एडिबल" असा उल्लेख आणि घटकांची यादी पाहूनच घ्या.

ठेवणं आणि नेणं

व्हिपिंग क्रीमचा केक खाईपर्यंत फ्रीजमध्ये, तोही खोक्यात, नाहीतर फ्रीजमधले वास क्रीम शोषून घेतं. बटरक्रीमचा केक कापण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, घट्ट लोण्याचा घास कुणालाच आवडत नाही. फ्रीजमधून काढलेल्या फाँडंटवर दव धरतं. हात लावू नका, आपोआप सुकतं. गाडीतून नेताना केक मांडीवर किंवा उतरत्या सीटवर नको, सपाट तळावर, खाली न घसरणारी चटई टाकून. कापायला लांब सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. त्याआधी फुलांच्या नळ्या, काड्या, तारा, जे खायचं नाही ते सगळं मोजून बाहेर काढा, विशेषतः लहान मुलं ताटली घेऊन उभी असतील तेव्हा.